दुसरं स्टूल

सकाळच्या मीटिंगला खुर्च्या ठेवायच्याच नाहीत, हा साइटवरच्या नियोजनवाल्या मॅडमचा नियम. बसलं की माणसं बोलत बसतात. फळ्यासमोर उभं राहायचं, आज काय करणार ते एका वाक्यात सांगायचं, काम अडत असेल तर 'अडथळा' या रकान्यात चिठ्ठी लावायची, आणि पळायचं.

आज त्या रकान्यात पिवळी चिठ्ठी होती. पिवळा रंग स्टोअरवाल्या काकांचा. सहा महिन्यांत त्यांनी एकही चिठ्ठी लावली नव्हती.

मॅडमनी ती वाचून दाखवली. "दिवसभरात स्टोअरला कोणी येत नाही."

हशा पिकला. "काका, पेपरात जाहिरात द्या की!" प्लंबर म्हणाला.

"अहो काका, हे तर आपलं यश!" मॅडम म्हणाल्या. "चार खिळे हवे असले तरी माणसं दहा मजले उतरून यायची. रोज चाळीस खेपा! आता सामान थेट मजल्यावर पोचतं."

"झकास चाललंय. त्याबद्दल तक्रार नाहीच."

"मग तुमचं अडतंय काय?"

काकांनी हेल्मेट काढलं, परत घातलं. "बोलणं," ते म्हणाले. "घरी कोणी नाही. इथे चाळीस जण यायचे."

आता कोणी हसलं नाही. अडथळा कोण दूर करणार आणि केव्हा, हे चिठ्ठीवर लिहायलाच हवं, हाही मॅडमचाच नियम. प्लंबर बुटांकडे बघायला लागला. सुताराने फोन काढला. शेवटी मॅडमनी स्वतःचंच नाव लिहिलं. आज, दुपारी एक.

काकांना कोण आनंद! स्टोअरमधल्या दुसऱ्या स्टुलाला लाल पट्टी बांधलेली होती. वापरात नाही, शनिवारच्या गाडीने जाणार, असा त्या पट्टीचा अर्थ. काकांनी ती सोडून खिशात टाकली. स्टूल दोनदा पुसलं. थर्मासमधला चहा राखून ठेवला. एक वाजला, दीड वाजला. तीनला तो चहा त्यांनी एकट्यानेच संपवला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी 'झाले' या रकान्यात होती.

"यायचं होतं हो काका, खरंच," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण काल श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आणि आज आठवड्याचा अहवाल साहेबांकडे जातो. त्यात अडथळा उरलेला दिसायला नको, म्हणून सरकवली. चालेल ना?"

"चालेल की. त्यात काय एवढं!"

एखादा अडथळा दूर झाला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी पद्धत होती. सगळ्यांनी वाजवल्या. काकांनीही वाजवल्या.

मग ते स्टोअरमध्ये गेले, खिशातली लाल पट्टी काढली आणि स्टुलाला पुन्हा बांधली. या वेळी दोन गाठी मारल्या.