पार्वतीबाईंची चंची

"एवढ्यासाठी मले धंतोलीत आणलं का गा तू?" असं म्हणत पार्वतीबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारली, कमरेची चंची सोडली आणि तळहातावर तंबाखू घेऊन तिला चुना लावला.

गालाच्या आतला पांढरा चट्टा तंबाखूचा आहे, आज सोडली तर जाईल, नाही सोडली तर पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आत्ताच बजावलं होतं. ते ऐकून मधुकरला घाम फुटला होता. आईनं मात्र शांतपणे तंबाखू मळली, टाळी मारली आणि चिमूट ओठाखाली ठेवली.

"माय, डॉक्टर काय म्हणाला, ऐकलं ना?"

"ऐकलं. चांगला पोरगा हाये. लगन झालं का त्याचं?"

मधुकर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होता. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या दोन खोल्यांत तो, आई आणि नवी नवरी वच्छला असे तिघं राहत. वडील लवकर गेले. पार्वतीबाईंनी शिवणाच्या मशीनवर मुलगा वाढवला, आणि त्या सगळ्या वर्षांत सोबतीला होती ती ही चंची. त्यामुळे मधुकरला रागावता यायचं, पण फार नाही. त्यानं चंची लपवून पाहिली. अबोला धरला. शेवटी जेवण सोडलं, तेव्हा पार्वतीबाईंनी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि निवांत तंबाखू मळायला घेतली.

उन्हाळ्याच्या तोंडी वच्छलाला दिवस गेले. पेढे वाटून झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मधुकर दाढी करत बसला असताना आईनं चंची त्याच्यासमोर आणून ठेवली.

"हे घेऊन जा. ऑफिसच्या रस्त्यानं कुठंतरी फेकून दे."

मधुकरचा हात गालावरच थांबला. "काहून? काय झालं?"

"नातवाचा मुका घ्यायचा हाये मले. तंबाखूच्या तोंडानं घेऊ का?" मग स्वयंपाकघराकडे पाहत त्या म्हणाल्या, "पण एक सांगून ठेवते. हे एकटीच्यानं होणार नाही. सूनबाई दिवसभर माझ्याजवळ पाहिजे. बाजारात संग, मंदिरात संग, नळावरही संग."

वच्छला दारातच उभी होती. तिचा चेहरा उतरला. मधुकरला तिची कीव आली. त्याच्या आईवर पहारा ठेवणं म्हणजे खायचं काम नव्हतं.

सुरुवातीला घरात कोणाचं कोणाशी पटेना. पार्वतीबाई कारण नसताना भांडी आपटायच्या. वच्छलाचं डोकं दुखायचं. एकदा वरणात दोनदा मीठ पडलं, तर ती स्टोव्हसमोर बसून हमसून रडली. पार्वतीबाई कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग दोघी मुकाट्यानं बडीशेप चघळत बसल्या.

मधुकरला ते पाहवेना. वच्छला नळावर गेल्याचं पाहून त्यानं आईला गाठलं. "माय, तुझ्यापायी ते झिजून राहिली. या दिवसांत तिले आराम पाहिजे. सुट्टी काढून मीच बसतो तुझ्याजवळ."

"तू ऑफिसात जा, बापू. तुझ्यानं होणारं काम नाही हे."

"आणि तिनं कंटाळून हात टेकले त?"

"नाही टेकत. मी हाव ना तिच्यासंग," असं म्हणून पार्वतीबाई लगबगीनं नळाकडे निघाल्या.

पुढच्या रविवारी शेजारच्या शोभाताई पापड लाटायला आल्या. लाटून झाल्यावर त्यांनी आपली चंची सोडली, तंबाखू मळली आणि चिमूट पुढे केली.

"घ्या वं पार्वतीबाई. एका चिमटीनं काय होते?"

पार्वतीबाईंचा हात पुढे गेला. मधुकर बाहेरच्या खोलीतून पाहत होता. वच्छला लाटणं हातात धरून बसली होती आणि तिची नजर त्या चिमटीवर खिळली होती. पापणीसुद्धा लवत नव्हती. पार्वतीबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"नको वं शोभा. आणि आमच्या घरी येशीन त हे घरीच ठेवून येत जा."

नुसत्या नजरेत एवढा धाक. मधुकरची छाती अभिमानानं फुगली. संध्याकाळी त्यानं बायकोसाठी कोथिंबीर भरलेली गरमागरम सांबारवडी आणली.

हळूहळू घर निवळलं. दोघी भल्या सकाळी टेकडीच्या गणपतीपर्यंत चालत जाऊ लागल्या. वच्छलाच्या तोंडावर तजेला आला. पार्वतीबाई मशीनवर बसून झबली शिवताना गुणगुणू लागल्या. पावसाळ्यात डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. चट्टा पुसट झाला होता.

"कमाल केली आजी तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"शाबासकी इले द्या," पार्वतीबाईंनी सुनेला पुढे ओढलं. "हे नसती त माझ्यानं जनमात सुटली नसती."

वच्छला लाजून खाली पाहत राहिली. मधुकरनं ही गोष्ट अख्ख्या पार्सल ऑफिसात सांगितली. काहींना दोनदा.

दिवाळीनंतर वच्छला माहेरी, काटोलला, बाळंत झाली. मुलगा झाला. मधुकर आईनं शिवलेली झबली घेऊन बसनं काटोलला पोचला. सासरे संत्र्याच्या बाजारात गेले होते. आत वच्छला आणि बाळ निजले होते. सासूबाईंनी, इंदूबाईंनी, चहा आणला, आणि मधुकर आपल्या आवडत्या विषयावर आला.

"बाकी काही म्हणा मामीजी, तंबाखू सुटली हे मोठी गोष्ट झाली. आमच्या ऑफिसात अजून कोणाले खरं वाटत नाही."

इंदूबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यांनी एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. मग डोक्यावरचा पदर सारखा करून त्या हळूच पाटावर टेकल्या. फार दिवसांचं ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"म्हणजे तुमाले माहीत हाये, जवाईबापू? लगनाच्या वेळेस सांगतलं नाही, आमचं चुकलंच. परकरात होती तेव्हापासूनची सवय. मारलं, कोंडलं, नवस केले, पण सुटेच ना. विहीणबाईनं कशी सोडवली आमच्या वच्छलाची?"