करंजीची मुरड

“हा व्हिडिओ मागच्या दिवाळीचा ना गं?” सासूबाईंनी विचारलं आणि हर्षदाच्या हातातली करंजी तशीच राहिली.

करंजीच्या कडेला मुरड घालणारे सासूबाईंचे हात म्हणजे त्यांच्या फराळाच्या पेजची ओळख. ते हात थरथरायला लागल्यापासून करंज्या हर्षदाच करत होती. पेजवर मात्र जुनेच व्हिडिओ टाकायची. कधी मधलाच तुकडा काढून, कधी नवं गाणं लावून. आपलं काम संपलं, असं आईंना वाटायला नको म्हणून स्वतःच्या हातांचा व्हिडिओ तिने कधी काढलाच नव्हता.

“शिळं किती दिवस वाढशील लोकांना?” म्हणत सासूबाईंनी दोन्ही हातांनी फोन धरला. “तू मुरड घाल. मी काढते व्हिडिओ.”

हर्षदाने सारण भरलेली करंजी तळहातावर घेतली.

“अंगठा हलका ठेव गं,” फोनमागून आवाज आला. “हं, अश्शी!”

व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत हलत होता. “पुन्हा काढू का?” सासूबाईंनी ओशाळून विचारलं.

“कशाला? लोकांना तुमच्या हातचंच आवडतं, आई,” म्हणत हर्षदाने तो जसाच्या तसा पेजवर टाकला.