बोलता येईल एवढा वेग

"बोलत राहा गं," तो म्हणाला.

"बोलतेय की," मागून आवाज आला. "वरच्या मजल्याचा नळ कालपासून गळतोय. हे सांगून झालं. परत सांगू?"

"परत सांग."

त्याची सायकल पुढे, बायकोची चार हात मागे. डॉक्टरांनी तिला सायकल चालवायला नाही म्हटलं नव्हतं. उलट हृदयाला बरंच आहे, म्हणाले. अट एकच घातली होती. बोलता येईल एवढ्याच वेगाने चालवायची. वाक्य मध्येच तुटलं की उतरायचं, आणि मग सायकल कायमची बंद. म्हणून ती बोलत होती आणि तो कान मागे लावून ऐकत होता. वळून बघायला गेलं की हँडल वळायचं.

गावाभोवतीचा हा डांबरी सायकलमार्ग त्याला कळतच नव्हता. घरांच्या परसांमागून, वाळत घातलेल्या चादरींशेजारून, मग कालव्याच्या कडेने तो नऊ किलोमीटर फिरायचा आणि जिथून निघाला तिथेच परत यायचा. चौतीस वर्षं त्याने ॲम्ब्युलन्स चालवली होती. त्याने गिअर बदलला, पुन्हा पहिला टाकला. घड्याळ पाहिलं. चार वाजून सतरा मिनिटं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. अजून सतराच. समोर एक माणूस कुत्र्याला घेऊन रमतगमत चालला होता, त्याचाही त्याला राग आला.

"तुम्ही परत जोर लावताय," ती म्हणाली.

"छे."

"छे काय? पाठ दिसते की मला तुमची. वाकलात की वेग वाढतो."

तो ताठ बसला.

ती बायकांचे कपडे शिवायची. दिवसभर ओठांत टाचण्या धरून काम. इतकं बोलायची तिला सवयच नव्हती. नळ झाला. शेजारणीचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे आणि ती ते मान्य करत नाही, हेही झालं. भाचीच्या नव्या नोकरीचं तर दोनदा झालं.

"संपलं. आता काय बोलू?"

"काहीही बोल."

"पाढे म्हणू?"

"म्हण."

"बेचा म्हटला तर वाटेल झोपेत बरळतेय. तेराचा म्हणते."

आणि तिने खरंच सुरू केला. तो प्रत्येक आकड्यानंतरचा श्वास ऐकत होता.

"तेर त्रिक एकोणचाळीस. तेर चोक बावन्न. तेर पंचे पासष्ट. तेर सक..."

मग नुसता टायरचा आवाज.

त्याने काही ठरवलं नाही. पाय आपोआप दाबले गेले. पाठ वाकली, गिअर चढला, कुत्रेवाला माणूस ओरडत गवतात सरकला, कालव्यावरचा छोटा पूल खडखडत मागे गेला. मागचा आवाज बंद झाला की वेग वाढवायचा. चौतीस वर्षं त्याच्या पायांना एवढंच ठाऊक होतं.

पाण्याच्या टाकीपाशी पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं. या वेळी मागचं माणूस त्याच्या गाडीत नव्हतं.

परत येताना पूल लागला की नाही, हेही त्याला आठवलं नसतं. ती कालव्याच्या कठड्याला सायकल टेकवून उभी होती. उभी आहे, हे त्याला दोनदा पाहावं लागलं.

"काय होतंय? छातीत दुखतंय?"

"तेर सक किती हो?"

"काय?"

"तेर सक. शाळेतही तिथेच अडायची मी."

"अठ्... अठ्ठ्या... हत्तर."

"वाक्य तर तुमचंच तुटतंय. उतरा खाली."

तो उतरला. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"हाका मारल्या मी," ती म्हणाली. "मी थांबले, तर तुम्ही पळालात."

"मागे कुणी गप्प झालं की पाय आपोआप..." तिला कळलं.

"असे गप्प झालेले," तिने विचारलं, "पोचले का हो ते?"

"सगळे पोचवले."

"तसं नाही विचारत मी."

त्याने तळहात पँटला पुसले. "ते आपण विचारायचं नसतं. मागचं दार उघडायचं. ते आत घेऊन जातात. मग आपण गाडी धुवायची."

तिने हेल्मेटचा पट्टा आवळला.

"बरं. मला मात्र एवढ्यात पोचवू नका," ती म्हणाली आणि हसली. त्याला हसता आलं नाही. "चला. आता शेजारून चालवा."

"इथे एका रांगेत चालवायचं असतं. पाटी लावलीय."

"लावू दे."

दोघं निघाले. रस्ता जेमतेम दोन सायकलींपुरता होता. कोपराला कोपर लागत होतं. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. त्याचे पाय शिवशिवत होते. त्याने ते धरून ठेवले.

"मला दवाखान्यात नेलं ना," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही पुढे बसलात. ड्रायव्हरशेजारी."

"हो."

"सवयीने."

"हो."

"मी मागे एकटीच होते. वर तो दिवा हलत होता. तेव्हा मला तुम्हाला एक सांगायचं होतं, की..."

मागून घंटी वाजली. घट्ट, भडक कपड्यांतला कुणीतरी घाईत होता. "बाजूला, काका! बाजूला!" घंटी पुन्हा वाजली, आता लांबलचक.

त्याने हँडल सरळ धरलं आणि वाट दिली नाही. तिचं वाक्य अजून संपायचं होतं.