पाइपाखालची खुर्ची

"मयेकर, तुमचे वडील तर गेल्या आठवड्यात वारले. मग आज खुर्चीत कोण?" साहेबांनी विचारलं.

अणुभट्टीखाली यंत्राने भूकंप घडवायला दहाच मिनिटं उरली होती. आग विझवायच्या पाण्याचा पाइप धक्क्यात टिकतो का, ते असं दरवर्षी बघत. पाइपाच्या आधारांवर ज्याची सही, त्याच्या घरचं माणूस पाइपाखाली बसायचं. मग डोळे झाकून सही करायची कुणाची छाती?

मयेकरने पाच वर्षं लुळ्या बापाला बसवलं होतं. यंदा ती कटकट कायमची मिटावी, म्हणून बाप वारण्याआधीच खुर्चीच्या बरोबर वरचे दोन बोल्ट त्याने स्वतःच्या हाताने ढिले केले आणि मग सही ठोकली. सहीनंतर पाइपाच्या दालनाला लागलेलं सील आजच उघडलं होतं, त्यामुळे बोल्ट पुन्हा आवळायला सवडच मिळाली नव्हती.

"मी बसते की," कँटीनमध्ये कामाला असलेली त्याची बायको वासंती म्हणाली आणि पदर खोचून बसलीसुद्धा.

मयेकरने तिचा हात धरून ओढला. "तू नको गं."

"का? मामंजींना बसवताना नाही कधी घाबरलात! तुमची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

बोल्ट ढिले आहेत म्हणावं, तर कुणी केले आणि कशासाठी, तेही सांगावं लागणार.

रिवाजाप्रमाणे बटण सही करणाऱ्यानेच दाबायचं. साहेबांनी घड्याळ पाहून मान हलवली.

मयेकरने बटण दाबलं.