पापलेटच्या हंगामात

समुद्रात प्रेत तरंगताना दिसलं, की आमच्या बंदरातल्या बोटी गुपचूप तोंड वळवतात. किनाऱ्यावर आणलं तर पोलीस, पंचनामा, आणि तोवर बोटीतली मासळी सडते.

कोर्लईचा इनास मात्र दर वेळी जाळं अर्धवट सोडून प्रेत बोटीत घेतो. वारस मिळाला नाही तर स्वतःच मूठमाती देतो. वैतागून त्याचे सगळे खलाशी चार बोटींच्या मालकाकडे, धनेशकडे गेले.

"इनासभाऊ, पापलेटचा हंगाम हाय. मेलेला कुठं पळून जातोय?" धनेश हसायचा.

"येशूच्या मागं जायचं, तर हंगाम बघून न्हाय जाता येत," इनास म्हणायचा.

हल्ली तर प्रेत दिसलं, की बाकीचे त्यालाच वायरलेसवर कळवतात. जणू त्याचं पार्सल आलंय.

परवा धनेशचा सख्खा भाऊ बोटीवरून समुद्रात पडून बुडाला. आज सकाळी धनेश इनासच्या दारात येऊन बसला.

"तुझी बोट काढ, इनासभाऊ. त्याला घेऊन ये."

"तुझ्या चार बोटी हायत की. अजून दिसला न्हाय व्हय तो?"

 

"कालपासून दिसतोय रे. पण जवळ गेलं, की चारही बोटी आपोआप तोंड वळवतायत."