आजारी माणूस

"वडील आजारी आहेत, आत झोपलेत," कॉफी देताना घरमालकीण मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. इंडोनेशियातल्या तोराजाच्या डोंगरात मी आणि दादा तिच्याकडे उतरलो होतो. मी पडले नर्स. राहवेना म्हणून आत गेले आणि नाडी बघायला म्हाताऱ्याचा हात धरला.

हात लाकडासारखा होता. मी किंचाळलेच. दादा धावत आला आणि दारातच थिजला.

"त्यांना जाऊन दोन वर्षं झाली," ती उशाशी गरम कॉफी ठेवत म्हणाली. "पण आमच्यात अंत्यविधी होईपर्यंत माणूस आजारीच असतो. औषध टोचून जपतो आम्ही त्याला. धाकटी बहीण बोटीवर कामाला आहे. ती आल्याशिवाय कसं नेणार?"

दादाने माझा दंड धरला. "चल इथून! वेडी आहेत ही माणसं."

बाबा गेले तेव्हा मी दुबईहून विमानात बसले होते. उतरल्याबरोबर फोन केला, तर हाच दादा स्मशानातून म्हणाला होता, "आटोपलं गं सगळं. तुझ्यासाठी किती वेळ ठेवणार?"

मी दंड सोडवून घेतला आणि त्या आजोबांच्या उशाशी बसले.

"तू हो पुढे, दादा. मी थांबते."