सुखावतीचं प्राप्तिकर विधेयक

महिला मंडळाच्या अभिरूप संसदेत सुखावती देशाचं प्राप्तिकर विधेयक चर्चेला आलं होतं. अर्थमंत्री आपटेबाई ठसक्यात म्हणाल्या, "उत्पन्नाच्या वरच्या टप्प्याचा कर चाळीसवरून तीस टक्क्यांवर आणला, की आपले कॉम्प्युटर इंजिनिअर परदेशी जाणार नाहीत."

विरोधी पक्षनेत्या कुसुमताई उठल्या. प्रेक्षकांत बसलेले शरच्चंद्र उगाचच घड्याळाशी चाळा करू लागले. प्राप्तिकर खात्यातून निवृत्त झालेला नवरा घरात असून बायकोने भाषणासाठी एक शब्द विचारला नव्हता.

"महागाई वाढते म्हणून कारकुनाचा पगार वाढतो," कुसुमताई म्हणाल्या, "आणि तेवढ्यावरच तो वरच्या टप्प्यात ढकलला जातो. पिशवीत भाजी तेवढीच येते, कर मात्र जास्त जातो. महागाईप्रमाणे हे टप्पेच वर सरकवायचं विधेयकात कुठे लिहिलंय, मंत्रिमहोदया?"

आपटेबाईंनी हातातले कागद उलटसुलट करून पाहिले. त्यांत उत्तर नव्हतं. पहिली टाळी शरच्चंद्रांची पडली. विधेयक नामंजूर झालं.

घरी जाताना मंडईपाशी कुसुमताई म्हणाल्या, "आपटेबाईंना भाषण छान लिहून दिलं होतंत हो."

शरच्चंद्र थबकले. "त्यांनी सांगितलं?"

"कशाला सांगायला हवं? तीस वर्षं तुम्ही बाहेरच्या खोलीत बसून लोकांना कर समजावताय, आणि मी चहा ठेवता ठेवता ऐकतेय. तुमची बाजू कुठे लंगडी पडते, तेही पाठ झालंय."

रविवारी शेजारचे गृहस्थ कराचा फॉर्म घेऊन आले. "बसा," शरच्चंद्र ऐटीत म्हणाले, "आमच्या साहेबांना बोलावतो," आणि चहा ठेवायला आत गेले.